पात्याचं पाणी

खुकरीशी मराठी घरांची ओळख बहुधा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरणाऱ्या गुरख्याच्या कमरेला, आणि दुसरी म्हणजे दार्जिलिंग-गंगटोकच्या सहलीत मॉलवरच्या दुकानात काचेमागे. पहिल्या ठिकाणी ती म्यानातून बाहेर आलेली कुणी पाहिलेली नसते. दुसऱ्या ठिकाणी ती इतकी चकचकीत असते की तिच्यात बघून भांग पाडावा. सहलीहून ती शालींच्या घडीत गुंडाळून येते, दिवाणखान्यात टीव्हीच्या वर खिळ्याला लटकते आणि पाहुणा आला की खाली उतरते. पाहुणा ती उपसतो, धारेवरून अंगठा फिरवल्यासारखं करतो, ‘अस्सल मिलिटरीची दिसते हो!’ असं म्हणतो आणि परत देतो. मग चहा येतो.

या सगळ्या सोहळ्यात खुकरी कुणी पाहिलेलीच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळात ती पाहायची वस्तूच नव्हे. तिची प्रत हाताला कळते, थोडी कानाला कळते आणि डोळ्यांना सगळ्यात शेवटी कळते. आपण मात्र डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

हे काही फार गहन नाही. आमची आई कोकणातली. बाजारातून विळी घ्यायची म्हटलं की लोहाराला अर्धा तास ती हलू द्यायची नाही. पातं आणि पाट यांच्या सांध्यात नख घालून बघायची, पातं डावी-उजवीकडे हलवून बघायची, पात्यावर टिचकी मारून कान द्यायची. माठ घेताना वाजवतात तसं. धारेवर अंगठा आडवा फिरवायची, उभा कधीच नाही. आणि एवढं करून बऱ्याचदा विळी खाली ठेवून म्हणायची, ‘ह्याला पाणी नाय.’ बँकेतले आमचे जुने कॅशियर तसेच. खोटी नोट त्यांच्या बोटांना आधी कळायची, मग ते चष्मा वर करून ती उजेडाकडे धरायचे. उजेडात धरणं हे गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. निकाल आधीच लागलेला असायचा.

‘पाणी’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. हत्याराला पाणी देतात, पाणी पाजतात. माणसाचं पाणी जोखतात. घोडा पाणीदार असतो, मोती पाणीदार असतो. लोखंड तापवून पाण्यात बुडवण्याच्या एका साध्या क्रियेतून आपण माणसं मोजण्याचं मापच तयार केलं. नेपाळीतही धातूच्या या गुणाला ‘पाइन’ म्हणतात. हे पाणी पात्याच्या पोटात असतं, वरून दिसत नाही. वरून दिसते ती पॉलिश.

१९९०च्या दशकात बँकेने मला काही वर्षांसाठी डेहराडूनला पाठवलं. तेव्हा ते उत्तर प्रदेशात होतं. गावाबाहेर नालापानीच्या टेकडीवर १८१४ साली बलभद्र कुंवर यांनी मूठभर गोरखे घेऊन कंपनी सरकारची फौज महिनाभर अडवून धरली होती. इंग्रजांचा जनरल गिलेस्पी तिथेच पडला. पुढे इंग्रजांनी तिथे दोन छोटे स्तंभ उभारले, एक आपल्या माणसांसाठी आणि दुसरा शत्रूसाठी. शत्रूच्या शौर्याचं असं स्मारक जगात फार ठिकाणी नसेल. १८१५ पासूनच कंपनीने याच लोकांना आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. १९४७ साली वाटणी झाली तेव्हा दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. या इतिहासामुळे डेहराडूनच्या आसपास गोरख्यांची जुनी वस्ती आहे. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी बाकावर ओळीने गोरखा टोप्या दिसायच्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तर सगळे यायचे. बरेचसे मितभाषी. सही मात्र ठसठशीत.

त्यातल्या एका निवृत्त सुभेदारांशी माझी चांगली ओळख झाली. एकदा शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या बदलीनिमित्त स्टाफने वर्गणी काढून खुकरी आणली होती. पितळी जडावाची मूठ, पात्यावर कोरलेला ड्रॅगन, म्यानावर लाल मखमल. ती माझ्या टेबलावर पडली होती आणि सुभेदारसाहेब समोर बसले होते. मी म्हटलं, ‘साहेब, जरा बघा तरी कशी आहे.’

त्यांनी आधी ती उपसलीच नाही. म्यान कसं धरायचं ते मला दाखवलं. बोटांनी सगळं म्यान वेढून धरायचं नाही. धारेच्या बाजूने बोटं आली आणि म्यान जुनं असलं, तर पातं शिवणीतून बाहेर येऊन बोटं कापतं. पाठीच्या बाजूने चिमटीत धरायचं. मग खुकरी उपसून त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलवली. आतून बारीक ‘खट’ असा आवाज आला. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पातं मुठीत जिथे शिरतं, तिथे ते नीट बसलेलं नव्हतं. चांगल्या खुकरीत मुठीत जाणारी लोखंडी शेपटी राळेसारख्या चिकट लाखेने पक्की बसवतात आणि टोकाशी ठोकून बंद करतात. दुसऱ्या प्रकारात लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत पातं असतं तसंच सपाट जातं आणि दोन बाजूंना लाकडाच्या किंवा शिंगाच्या फाका बसवून रिव्हेट मारतात. कोणतीही रीत असो, हलता कामा नये. हलणारी मूठ म्हणजे पुढच्या दहा घावांत कधीतरी सुटणारं पातं.

मग माझ्या ग्लासातलं पाणी त्यांनी हातावर घेतलं आणि ओल्या हाताने मूठ धरली. ती घसरली. वार्निश असं जाड मारलेलं की साबण धरावा. खुकरीच्या मुठीला मध्यावर एक कंगोरा असतो, तो बोटांच्या मध्ये बसतो. मुठीचं टोक पसरट असतं, ते करंगळीला अडतं. हे नक्षीकाम नव्हे. पाऊस, घाम, काहीही असलं तरी हातातून सुटू नये म्हणून केलेली ती सोय आहे. अमेरिकी मरीनांच्या १९४२ सालच्या चाकूची मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली असते, तीही याच कारणासाठी. ओल्या हाताची परीक्षा फक्त पंधरा सेकंदांची आहे आणि दुकानात ती घेताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

पात्याचा तोल त्यांनी एका बोटावर धरून बघितला. पाठीवरून, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसं पाहिलं. पातं किंचित डावीकडे वळलेलं होतं. खुकरीबरोबर म्यानात दोन बारकी हत्यारं असतात. एक कर्दा, म्हणजे बारीकसारीक कापायचा छोटा चाकू. दुसरी चकमक. तिला धार नसते, पण ती कडक असते. धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला तिचा उपयोग. सुभेदारसाहेबांनी चकमक धारेवर ओढली आणि मला दोन्हींवरचे ओरखडे दाखवले. दोन्ही सारख्याच मऊ. ‘साब, यह दिवार के लिए ठीक है,’ म्हणाले. निरोपसमारंभ व्यवस्थित पार पडला. ती खुकरी अजूनही कुठल्यातरी भिंतीवर असेल.

पुढे एका रविवारी त्यांच्या गढीतल्या घरी गेलो, तेव्हा खरी खुकरी हातात आली. काळपट पातं, धारेचा तेवढा पट्टा उजळ, मूठ घामाने काळी झालेली. उचलली आणि मनगट पुढे ओढलं गेलं. वजन सगळं पुढे, पोटाशी. पाठ मुठीपाशी चांगली बोटभर जाड आणि टोकाकडे उतरत गेलेली. अंगणात एक बांबू होता. त्यांनी सांगितलं, ‘मारायचं नाही. सोडायचं.’ आपल्या शेतावर ज्याने चांगला कोयता चालवला असेल त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. घाव वजन घालतं, हात फक्त दिशा दाखवतो. बांबू तिरका तुटला आणि मनगटाला झिणझिण्या आल्या नाहीत. हत्यार चांगलं असेल तर घावाचा धक्का पात्यातच विरतो. वाईट असेल तर तो खांद्यापर्यंत येतो. प्रत ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कमांडोंसाठी एक खंजीर तयार केला होता, फेअरबर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांतल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावाचा. तो बरोबर याच्या उलट. पातं निमुळतं, वजन सगळं मुठीत, हातात धरला तर आहे की नाही असं वाटावं. त्याचं काम एकच, आणि ते या पुरवणीत सांगण्यासारखं नाही. त्याने लाकूड फोडायला जाल तर टोक मोडेल. म्हणून ‘चांगला चाकू’ असं मोघम काही नसतं. कशासाठी चांगला, हे आधी विचारायला हवं. खुकरी ही मुळात कामाची वस्तू आहे. गोरखा घरात ती लाकूड फोडते, बांबू तासते, दशईंला बोकड कापते, भाजी चिरते. म्यानातून निघाली की रक्त प्यायल्याशिवाय आत जात नाही, ही गोष्ट सुभेदारसाहेबांना सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. ‘मग आम्हाला रोज सकाळी चुलीसाठी कुणाला तरी कापावं लागलं असतं,’ म्हणाले.

आता ‘मिलिटरी’ या शब्दाकडे येतो. हल्ली चाकूंपासून बुटांपर्यंत सगळ्याच जाहिरातींत तो सापडतो. मिलिटरी ग्रेड, आर्मी मॉडेल वगैरे. तीस-पस्तीस वर्षं टेंडरं उघडण्यात गेलेल्या माणसाला या शब्दाने भारावून जाणं जमत नाही. लष्कर वस्तू घेतं म्हणजे काय करतं? किमान काय हवं ते कागदावर लिहितं, ते जो सगळ्यात कमी पैशांत देईल त्याच्याकडून घेतं आणि आलेला माल तपासतं. याने एक मोठा फायदा होतो. हजार नग सारखे मिळतात आणि त्यातला कुठलाच टाकाऊ नसतो. पण ‘टाकाऊ नाही’ आणि ‘उत्तम’ यांच्यात पुष्कळ अंतर आहे. शिवाय जाहिरातीतल्या मालाची ती तपासणीही झालेली नसते. नुसता शब्द उचललेला असतो. ट्युनिशियात १९४३ साली सुभेदार लालबहादूर थापा खुकरी घेऊन अरुंद वाटेने वर चढले, शत्रूची ठाणी घेतली आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. तो पराक्रम त्यांचा. दुकानातल्या खुकरीने त्यावर हक्क सांगायचं कारण नाही.

(जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या शस्त्रास्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू घरकामाचा, शेतीचा वा कारखान्याचा नसेल तर तो शस्त्रांच्या यादीत येतो, आणि त्या यादीत खुकरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. भिंतीवर लावण्याआधी टेप घेऊन मोजायला हरकत नाही.)

महायुद्धाच्या काळात भारतातल्या कारखान्यांत खुकऱ्या मोठ्या संख्येने बनल्या. त्यांच्या पात्यांवर साल ठोकलेलं असतं, कंत्राटदाराची अक्षरं असतात, तपासनिसाचा शिक्का असतो. जुन्या वस्तूंचे शौकीन आज हे शिक्के भिंगाखाली वाचतात. पण ज्याने ते पातं घडवलं त्याचं नाव तिथे शोधून सापडणार नाही. या माणसाबद्दल मला कुतूहल होतं. एका कादंबरीच्या निमित्ताने २०१३ साली पूर्व नेपाळात जाणं झालं तेव्हा विराटनगरहून गाडी करून धरानला गेलो. धरान आणि त्याच्या पलीकडच्या डोंगरातलं भोजपूर, दोन्ही गावं खुकरीसाठी नावाजलेली.

तिथे लोहाराच्या कामाच्या जागेला ‘आरन’ म्हणतात. आपली ऐरण तिची बहीणच असावी. भाता, घण, सांडशी, सगळं ओळखीचं. आणि कोपऱ्यात रचलेले जुन्या ट्रकांच्या कमानींचे पाटे. हे बघून मला एकदम आपल्याकडे रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी आठवले. तेही कोयत्यासाठी हाच पाटा शोधतात. कारण साधं आहे. त्या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते केलेलं असतं. चिवटपणा त्याच्या अंगी आधीच असतो, धारेची कडकी तेवढी लोहाराने घालायची.

ती कशी घालतात ते मी तिथे पाहिलं. घडवून, घासून तयार झालेलं पातं लोहाराने भट्टीत घातलं. आरनात मुद्दाम अंधार ठेवलेला, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. पातं लाल झाल्यावर त्याने ते बाहेर काढलं आणि आपण चहाची वापरतो तसल्या ॲल्युमिनियमच्या किटलीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवर, फक्त धारेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली. पुन्हा एकदा, थोडं थांबून. अख्खं पातं बुडवलं असतं तर सगळंच काचेसारखं कडक आणि ठिसूळ झालं असतं, पहिल्या जोरकस घावाला तुटलं असतं. इथे धार गार होऊन कडक होते. पाठ गरमच राहते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. मग पाठीतली उरलेली ऊब हळूहळू धारेकडे येते आणि तिचा फाजील कडकपणा उतरवते. ही ऊब किती येऊ द्यायची, कुठे थांबवायची, हे तो रंगावरून ठरवत होता. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. खुकरीची सगळी किंमत त्या मिनिटात असते. बाकीचं सुतारकाम आणि पॉलिश.

गार झाल्यावर त्याने माझ्या हातात कानस दिली. पाठीवर घासली तर ती लोखंड खात होती. धारेवर घासली तर काचेवरून सरकावी तशी सरकली. एकाच पात्यात दोन स्वभाव, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

हा लोहार म्हणजे जातीने कामी. आपल्याकडे लोहार हा बलुतेदार, गावगाड्यात त्याला मानाची जागा. नेपाळात तसं नव्हतं. जंगबहादूर राणाच्या अमदानीत १८५४ साली जो ‘मुलुकी ऐन’ झाला, त्यात जातींची उतरंड कायद्याने लिहून काढली आणि कामींना तळाशी घातलं, अस्पृश्यांत. त्या गटासाठी कायद्यातला शब्द होता ‘पानी नचल्ने’. म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. पात्याला पाणी देणारा हात हाच, आणि त्याच हातचं पाणी प्यायचं नाही! १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर काय घडलं हे ज्यांना माहीत आहे, त्या आपल्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. गोरखा पलटणींत इंग्रजांनी शिपाई म्हणून भरती केले ते मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू. कामीचं हत्यार युरोप-आफ्रिकेत गाजलं. नेपाळात १९६३ साली नव्या ऐनाने अस्पृश्यतेचा कायद्याचा आधार काढून घेतला, आणि २०११ साली तिच्यासाठी शिक्षा सांगणारा वेगळा कायदाही झाला. नेपाळीत एक म्हण आहे, ‘अचानोको पीर खुकुरीले जान्दैन’. ज्या ओंडक्यावर ठेवून कापायचं, त्याचं दुःख खुकरीला कळत नाही.

मी त्याला विचारलं, पात्यावर तुम्ही स्वतःचं नाव का नाही घालत? त्याने फळीवरची पत्र्याची डबी काढून दाखवली. आत ठोकायचे शिक्के होते. इंग्रजी अक्षरांत ‘आर्मी’. दुसरा ‘गोरखा’. तिसऱ्यात नुसता आडव्या दोन खुकऱ्यांचा छाप. गिऱ्हाईक हेच मागतं, म्हणाला. त्याच्या नावाचा शिक्का त्याच्याकडे नव्हता. मी माझ्यासाठी घेतलेल्या खुकरीवर काहीच ठोकू नका म्हटल्यावर त्याला जरा नवल वाटलं.

आमचा टॅक्सीवाला मघापासून दारात उभा होता. हत्यारांतला दर्दी दिसत होता. आत येऊन त्याने ती खुकरी दोन्ही हातांनी उचलली, तोलून बघितली, टिचकी मारून कानाशी धरली, कपाळाला लावली आणि लोहाराला म्हणाला, ‘दाजू, पाइन मस्त आहे.’ तेवढ्यात लोहाराची मुलगी तीन पेले चहा घेऊन आली. टॅक्सीवाल्याने खुकरी जपून खाली ठेवली आणि मला ॲसिडिटी आहे, चहा चालत नाही म्हणाला. सकाळपासून वाटेत आम्ही दोन ठिकाणी चहा प्यायलो होतो. लोहाराने आग्रह केला नाही. त्याने मुलीला खूण केली, तिने तो पेला भट्टीच्या कडेला ठेवला आणि मी माझा संपवेपर्यंत तो तिथे वाफाळत राहिला.